दगड ओला करून बघा

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे आमचं झालं ते तुमचं होणार नाही. रैयोलीचं डायनासोर म्युझियम सोमवारी बंद असतं. आम्ही सोमवारीच गेलो.

आम्ही म्हणजे चौघं, कॉलेजपासूनची टोळी. मास्तर भूशास्त्र शिकवतो आणि रस्त्यासाठी कापलेला डोंगर दिसला की गाडी थांबवायला लावतो. डॉक्टर म्हणजे जनावरांची डॉक्टर. तिला माणसांपेक्षा म्हशी बऱ्या वाटतात आणि हे ती लपवत नाही. खजिनदाराकडे पैसे, तिकिटं आणि वेळापत्रक, त्यामुळे सोमवारचं पाप त्याच्या माथी. चौथी मी, वही घेऊन फिरणारी. जानेवारीतले तीन दिवस काढून आम्ही गुजरातेत गेलो, हाडं बघायला. घरी विचारलं तेव्हा सगळ्यांनी ‘बडोद्याला चाललोय’ एवढंच सांगितलं होतं.

रविवार : बडोदा

रात्रीच्या गाडीनं पहाटे उतरलो. थंडी चांगलीच होती. खजिनदारानं रिक्षावाल्याला मोठ्या कष्टानं हिंदीत पत्ता समजावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बसा की, दांडिया बाजारावरून काढतो.” घरची मराठी, तिसरी पिढी बडोद्यात. मधूनमधून वाक्याच्या शेवटी ‘छे’ डोकावायचा आणि मग तोच हसायचा. गायकवाडांचा विषय निघाल्यावर ‘महाराज’ हा शब्द त्यानं असा उच्चारला, की सयाजीराव आत्ताच पुढच्या चौकातून गेले असावेत.

नाश्त्याला कुठं जायचं तेही त्यानंच सांगितलं. सेव उसळ. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर लाल तरी, मूठभर शेव, कांद्याची पात, लिंबू आणि पाव. मिसळीची चुलतबहीण म्हणा, पण स्वभावानं जरा मऊ. तरी वेगळी मागून घ्यावी लागते. मास्तरनं तीनदा मागितली आणि दुपारपर्यंत त्याबद्दल बोलला नाही.

म्युझियम सयाजीबागेत आहे. गावात तिला कमाटीबाग म्हणतात, रिक्षात बसताना तेच नाव सांगा. तिसऱ्या सयाजीरावांनी हे म्युझियम उभं केलं ते १८९४ साली. तिथं अकोट्याचे कांस्य पुतळे आहेत, युरोपातली चित्रं आहेत, इजिप्तची एक ममीही आहे आणि गर्दी अर्थातच ममीपाशी. आम्ही मात्र सरळ देवमाशाकडे गेलो.

निळ्या देवमाशाचा सांगाडा. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला. लांबी ७० फुटांच्या पुढे. आकडा वाचून काही कळत नाही, ते शेजारून चालल्यावरच कळतं. मी शेपटीकडून सुरुवात केली. मणका, मणका, मणका, मध्ये डॉक्टरशी दोन वाक्यं झाली, तरी मणकेच. मग बरगड्या आणि शेवटी जबडा. खालच्या जबड्याची दोन हाडं बाहेरून वाकत पुढं जवळ येतात. लग्नाच्या मांडवाला कमान म्हणून लावली तर वरात वाजंत्र्यांसकट आत जाईल.

सगळे त्याला ‘पिल्लू’ म्हणतात. डॉक्टरला ते पटेना. “निळ्या देवमाशाचं पोर जन्मतं तेव्हाच २३ फुटांचं असतं,” ती म्हणाली. “सात-आठ महिन्यांनी दूध सुटतं तेव्हा पन्नासच्या आसपास. सत्तरचं म्हणजे मिसरूड फुटायला लागलेलं. पिल्लू कसलं?” तिच्या आवाजात दवाखान्यातला सूर आला होता, मालक जनावराचं वय कमी करून सांगतो तेव्हा लागतो तो.

मग तिनं मला पराजवळ नेलं. बाहेरून वल्ह्यासारखा दिसणारा तो पर, पण हाडं बघाल तर हात. खांद्याला जोडलेलं आखूड जाड हाड, पुढं दोन हाडं, मनगटाचे चपटे तुकडे आणि मग बोटं. निळ्या देवमाशाला चार बोटं असतात. “आता मान मोज,” ती म्हणाली. मानेचे मणके एकमेकांवर रचलेल्या थाळ्यांसारखे असतात, मला नीट मोजताही येईनात. “सातच असणार. याचे सात, तुझे सात, जिराफाचेही सात. जिराफानं लांब केले, यानं दाबून बसवले.” मी नकळत स्वतःच्या मानेवर हात फिरवला. शेजारी सहा-सात वर्षांचा एक मुलगा बापाला विचारत होता, “पप्पा, आ साचुं छे?” खरं आहे का हे? बापानं फलक वाचला, सांगाड्याकडे पाहिलं, पुन्हा फलक वाचला आणि म्हणाला, “साचुं.” पोरगं एक पाऊल मागं सरकलं.

म्युझियमला तीन तास हाताशी ठेवा आणि देवमासा आधी उरका, नाहीतर ममी आणि चित्रांतच पाय दुखायला लागतात. सरकारी सुट्ट्यांची यादी बघून निघा. (हे आम्ही सांगावं!) बाहेर पडल्यावर विश्वामित्रीच्या पुलावर जरा थांबा. या नदीत, भर शहरात, मगरी आहेत. आम्हाला तीन दिसल्या. त्यातली एक नंतर लाकूड निघाली.

सोमवार : बंद दार आणि मही

सकाळी गाडी ठरवून निघालो. दोन-अडीच तासांचा रस्ता. कडेला तंबाखूची शेतं, मध्येच एरंड. मास्तरनं दोनदाच गाडी थांबवली, म्हणजे कमीच. बालासिनोर मागं पडलं, मग दहा-बारा किलोमीटरवर रैयोली आणि समोर म्युझियमचं बंद फाटक. आतून चौकीदार रमतगमत आला. “आजे बंध छे, बेन. सोमवार.”

आम्ही तिघांनी खजिनदाराकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागला, जणू मोबाइलमध्ये मंगळवार सापडणार होता. वेळापत्रक त्यानं तीन रंगांत केलं होतं. त्यात जेवणाच्या वेळा होत्या, चहाच्या होत्या. वार तेवढा नव्हता.

एक मुक्काम वाढवायचा ठरला. रात्री बालासिनोरला राहायचं, मंगळवारी म्युझियम बघायचं. आजचं काय? “नदी बघू,” मास्तर म्हणाला. “देवमासा हिच्या तोंडाशी आला, डायनासोर हिच्या अंगाखांद्यावर. मधलं काहीतरी बघू.”

म्हणून गलतेश्वर. डाकोरपासून जवळच, महीच्या काठी बाराव्या शतकातलं शिवमंदिर. शिखर पडून गेलंय, पण भिंतींवरची शिल्पं जवळ जाऊन बघण्यासारखी आहेत. पायऱ्या उतरलं की मही. मध्य प्रदेशात उगम, मग राजस्थान, मग वळून गुजरातेत आणि शेवटी खंभातचं आखात. कर्कवृत्त दोनदा ओलांडणारी नदी, हे शाळेत पाठ केलं होतं. पाय पाण्यात घातल्यावर पहिल्यांदा त्याचा अर्थ लागला. ही बाई वर निघाली होती आणि विचार बदलून परत आली. मला खजिनदाराची थोडी दया आली.

तो दूर पाण्यात वाकून काहीतरी शोधत होता. परत आला तो हातात गोटा घेऊन. लहान नारळाएवढा, जवळजवळ गोल, एका बाजूला पांढरट कवचासारखा पापुद्रा. चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा तेज.

“अंडं आहे हे.”

मास्तरनं दगड हातात घेतला, वजन केलं, फिरवला, परत दिला. काही बोलला नाही. मी त्याला पंचवीस वर्षं ओळखते. परीक्षेच्या हॉलमध्ये पोरगं चुकीचं उत्तर लिहिताना दिसलं की तो असाच गप्प राहतो.

“उद्या तिथल्या माणसाला विचारू,” एवढंच म्हणाला.

गोटा पिशवीत गेला. डाकोरला रणछोडरायाचं दर्शन झालं आणि दुसऱ्या गोट्यांकडे वळलो. डाकोरचे गोटे म्हणजे जाड्या बेसनाची भजी. त्यात मेथी, धणे, मिरी, बाहेरून खडबडीत, आतून मऊ. दह्याबरोबर खातात. संध्याकाळची थंडी, कढईतून निघणारा घाणा, पितळी झाऱ्याचा आवाज. विक्रेत्यानं कुठून आलात विचारलं. डायनासोर बघायला आलो म्हटल्यावर त्यानं आणखी दोन गोटे द्रोणात टाकले आणि म्हणाला, “सोमवारे तो बंध होय.” सगळ्या गुजरातला माहीत होतं.

मंगळवार : रैयोली

दारं उघडायच्या आधीच फाटकाशी हजर. चौकीदार कालचाच. त्यानं आम्हाला ओळखलं आणि हसू दाबायचा प्रयत्न केला, म्हणजे फारसा नाही.

म्युझियम नवं आहे, २०१९ मध्ये सुरू झालं. आत पडदे, त्रिमित चित्रपट, थरथरणाऱ्या खुर्च्या, पूर्णाकृती प्रतिकृती आणि डोळ्यांसमोर डरकाळ्या फोडणारे प्राणी. मुलं बरोबर असतील तर तीच तुम्हाला बाहेर पडू देणार नाहीत. मोठ्यांना तासभर पुरे. एक गोष्ट मात्र डोक्यात घेऊन जा. जिथं तिथं या जागेला ‘ज्युरासिक’ म्हणायची पद्धत पडलीय, पण ज्युरासिक कालखंड १४.५ कोटी वर्षांपूर्वीच संपला. इथले दगड त्याच्या पुढच्या क्रिटेशियस कालखंडाच्या अखेरचे, साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांचे. मास्तर हे प्रत्येक फलकापाशी सांगत होता, म्हणून एकदा इथं लिहून मोकळी होते.

या घरचा मानकरी राजासॉरस नर्मदेन्सिस. १९८१ साली सर्वेक्षण करताना भूवैज्ञानिकांना या परिसरात हाडं सापडली. पुढची दोन-तीन वर्षं ती गोळा केली गेली आणि मग बरीच वर्षं तशीच राहिली. भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते तुकडे जुळवून २००३ मध्ये नाव दिलं. मांस खाणारा, आखूड हातांचा, कपाळावर बुटकं शिंग. याचा जवळचा नातेवाईक मादागास्करमध्ये सापडतो, कारण भारत आणि मादागास्कर एकेकाळी चिकटलेले होते. पुढं भारत सुटा झाला आणि बेट होऊन उत्तरेकडे निघाला. राजासॉरस त्या बेटावरचा वाघ.

हे सगळं छान होतं. पण पडद्यासमोर उभी असताना मला बडोद्याचं ते पोरगं आठवत होतं. साचुं छे?

खरं होतं ते बाहेर, जीवाश्म उद्यानात. खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं आम्ही निराश झालो. कुंपण, वाळलेलं गवत, बाभळी आणि दगड. गाइड जवळच्याच गावचा तरुण, स्वेटरवर मफलर गुंडाळलेला. त्यानं एका खडकापाशी थांबून विचारलं, “क्या दिख रहा है?” दगड, आम्ही एकमुखानं. त्यानं बाटलीतलं थोडं पाणी खडकावर ओतलं.

करडा दगड गडद झाला आणि त्यात एक फिकट लांबोळी आकृती उठून आली. कडा स्पष्ट. आत बारीक जाळी, स्पंजासारखी. डॉक्टर खाली बसली. बराच वेळ बसली. “हाडाच्या टोकाकडचा भाग,” ती म्हणाली. “ही जाळी मी रोज बघते. म्हशीचा पाय कापला तर अशीच दिसते.” आणि मग, जरा हळू, “अगं, हे हाड आहे.”

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. नजर बसली. आंब्याच्या झाडात पहिली कैरी दिसेपर्यंत एकही नसते आणि मग झाडभर असतात, तसं. पाणी न ओतताही दिसायला लागलं. इथं फासळीचा काप, तिथं मणक्याचा गोल. थोडं पुढं गेलो तर एका खडकात वर्तुळ होतं, हातभर अंतरावर दुसरं, त्याला खेटून तिसरं. पाणी. प्रत्येक वर्तुळाला पातळ, गडद कड. कवच. आतली जागा दगडानं भरलेली. अंडी, लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची, पंधरा-वीस सेंटिमीटर व्यासाची. एवढाल्या जनावराचं अंडं एवढंसं? डॉक्टर म्हणाली, अंडं हवं तेवढं मोठं करता येत नाही. कवच जाड झालं तर आत हवा पोचत नाही, पिल्लालाही फोडून बाहेर येता येत नाही.

मास्तर म्हणाला, फील्डवर काम करताना हाड की दगड असा संशय आला तर भूवैज्ञानिक जीभ लावून बघतात. हाडातली छिद्रं ओलावा ओढतात आणि जीभ चिकटते. डॉक्टर वाकलीच. गाइड घाईघाईनं म्हणाला, “मॅडम, यहाँ नहीं. यहाँ बकरियाँ आती हैं।”

सावलीत बसून मास्तरनं सापाची गोष्ट सांगितली. इथून जवळच धोली डुंगरीला १९८४ मध्ये धनंजय मोहबे या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या शास्त्रज्ञांना एक घरटं सापडलं. अंडी आणि बारीक हाडं. हाडं डायनासोरच्या पिल्लाची असं त्यांनी प्रसिद्ध केलं. २००१ मध्ये जेफ्री विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञानं तो दगड पाहिला तेव्हा त्यातले काही मणके सापाचे असल्याचं त्याच्या लक्षात आलं. साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून. शेजारी नुकतंच बाहेर आलेलं, अर्ध्या मीटरचं पिल्लू. अख्खं अंडं गिळण्याएवढा त्याचा जबडा उघडत नसे, म्हणून पिल्लू बाहेर यायची वाट बघत असणार. २०१० मध्ये त्याला नाव मिळालं, सनाजे इंडिकस. बहुधा वादळात घसरून आलेल्या वाळूनं सगळ्यांनाच एका क्षणात गाडलं.

“म्हणजे दगड एकच. सतरा वर्षांनी दुसऱ्या डोळ्यांना साप दिसला,” मी म्हणाले.

“मोहबेंनाही दिसला, एकदा दाखवल्यावर,” मास्तर म्हणाला. “दोघांनी मिळूनच लिहिलं ते. तुला तरी पाणी ओतल्याशिवाय काय दिसत होतं?”

बालासिनोरच्या जुन्या संस्थानिक घराण्यातल्या आलिया सुलताना बाबी या जीवाश्मांसाठी बरीच वर्षं झटतायत. गावातली एक म्हातारी मसाला वाटायला वापरत होती तो गोल दगड डायनासोरचं अंडं निघाला, ही त्यांनी सांगितलेली गोष्ट इकडं प्रसिद्ध आहे. मला त्यात म्हातारीची काही चूक दिसत नाही. दगड हाताला बसला असणार.

या खडकांना लमेटा म्हणतात, जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून. जबलपूरलाच १८२८ मध्ये भारतातली पहिली डायनासोरची हाडं सापडली. हाच थर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही आहे. पिसदुऱ्याला दगड झालेलं शेण सापडतं आणि त्यात गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले, तेव्हा डायनासोर गवतही खात होते हे २००५ मध्ये जगाला कळलं. शेणाचा विषय निघाल्यावर डॉक्टरनं इतके प्रश्न विचारले की गाइड आमच्याकडे साशंक नजरेनं बघायला लागला.

आणि या थरावर काय? मास्तरनं बोट वर केलं. लाव्हा. एकावर एक, थरांवर थर, आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. सह्याद्री. “आपण गडावर चढतो ना, तो काळा कातळ म्हणजे यांच्यावर घातलेलं पांघरूण आहे.” इतकी वर्षं त्या पांघरुणावर बसून मी पोह्यांचे डबे उघडले होते.

जाणाऱ्यांसाठी थोडकं : बालासिनोरपर्यंत एस.टी. मिळते, पुढं रिक्षा. पण परतीचं आधी ठरवून ठेवा. उद्यानात गाइडशिवाय फिरण्यात अर्थ नाही, दगडच दिसतील. सकाळी तिरप्या उन्हात जा, कडा चांगल्या उमटतात आणि दुपारी जानेवारीतही डोकं तापतं. टोपी हवी. पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, एक प्यायला. आणि काही उचलू नका, अगदी करंगळीएवढंही नाही.

हे शेवटचं वाक्य गाइडनं फाटकाशी पुन्हा ऐकवलं आणि चौकीदारानं सहज विचारलं, “बॅगमां कंई नथी ने?”

खजिनदाराचा चेहरा पडला. त्यानं पिशवीत हात घालून गोटा बाहेर काढला. एका दमात सांगून टाकलं की हा इथला नाही, गलतेश्वरचा आहे, नदीतला आहे, काल घेतला, काल सोमवार होता. चौकीदार काही बोलला नाही. त्यानं गोटा दोन्ही हातांत धरला. गाइडनं बाटली तिरकी केली. पांढरा पापुद्रा ओला झाला. चौकीदारानं तो उन्हाकडे फिरवला, अंगठ्यानं घासला, डोळ्यांजवळ नेला. आम्ही चौघं श्वास धरून उभे, मास्तरसुद्धा.

मग त्यानं तो शर्टाला पुसला आणि खजिनदाराच्या हातात ठेवला.

“लई जाओ,” तो म्हणाला. “आ तो फक्त पथरो छे.”